सतरा वर्षांनी उघडलेला कारबेटर

रोहण्यात कोणाची मोटरसायकल बंद पडली, की शहाणा माणूस ती सरळ ढकलत आर्वीच्या रस्त्याला लागतो. वाटेत नानाजीचं दुकान लागतं, पण तिथं थांबत नाही. नानाजी पेट्रोलच्या इंजिनाला हात लावत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ट्रॅक्टर आणा, मळणीयंत्र आणा, विहिरीवरचं डिझेल इंजिन बैलगाडीत घालून आणा, हा बुवा ताटावरून उठून येईल. पेट्रोल म्हटलं की मान हलवणार. एकदा खुद्द सरपंच स्कूटर घेऊन आले.

"नाई जमत, भाऊ."

"अबे, दोन मिंटाचं काम हाय!"

"असंन. दुसऱ्याले दोन मिंटाचं असंन."

सरपंच चार शिव्या घालून गेले. नवख्याला वाटावं, बिचाऱ्याला येत नसेल. येत नसेल कसं! पुलगावच्या स्टेशन रोडवर वीस वर्षं याचं दुकान होतं आणि तिथं लोक याला 'कारबेटरवाला नाना' म्हणत. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं ते वीतभर यंत्र. पुस्तकात त्याला कार्बोरेटर म्हणतात, आपल्याकडे कोणी जिभेला एवढे कष्ट देत नाही. त्याचा स्क्रू नानाजी डोळे मिटून फिरवायचा. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, कान इंजिनाकडे. हिंगणघाटच्या जिनिंगवाल्यांच्या गाड्या मुद्दाम त्याच्याकडे यायच्या.

अशा माणसानं २००८ च्या मे महिन्यात कानाला खडा लावला. आणि ज्या पोरीपायी लावला, ती गेल्या सप्टेंबरात एका दुपारी रोहण्याच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

नानाजी ट्रॅक्टरखाली उताणा होता.

"जय भीम, काका. वळखलं का?"

तो सरपटत बाहेर आला. पस्तिशीची बाई, सरकारी जीपमधून उतरलेली, हातात फायली. त्यानं चेहरा निरखून बघितला. तेच रुंद कपाळ, तीच उभं राहायची ढब. नाचणगावच्या प्रभाकरराव मास्तरांची पौर्णिमा.

"जय भीम, बाई," तो हात पुसत म्हणाला. हात काही केल्या पुसून होईनात. "बस ना."

पौर्णिमा आता देवळीकडे कृषी अधिकारी होती. मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली, हे नानाजीनं ऐकलं होतं. मातीला गेला नव्हता. कोणत्या तोंडानं जाणार?

"बाबाची फियाट शेडात पडून हाय, काका," ती म्हणाली. "आईले या दसऱ्याले दीक्षाभूमीवर त्याच गाडीनं जायचं हाय. पह्यले जात होतो ना आपण सगळे, तसं. राकेशनं, माह्या नवऱ्यानं, कागदपत्रं करून घेतली. इंजिन फिरते, पण गाडी चालू नाई होत. सगळे म्हणतात कारबेटर बदला. अन् कोणता बसवायचा म्हणलं, तं तिघांची चार मतं. आई म्हणते, नानाजी सांगतीन तो, अन् नानाजीच बसवतीन."

"मी पेट्रोलचं काम सोडलं, बाई."

"मी सांगतलं आईले. तं म्हणाली, 'त्यायले म्हणाव, मी बलावलं.'"

जीप गेली. दाराआडून शकुबाई बाहेर आली. नवऱ्याच्या दुकानात कोण आलं, काय बोललं, हे तिला दाराआडून जितकं नीट ऐकू येतं तितकं समोरून येत नाही.

"जाऊन या ना. तिथं काय वाघ हाय?"

"वाघ असता तं गेलोच असतो," नानाजी म्हणाला.

झालं होतं ते असं. मास्तरांची जुनी पद्मिनी, आपल्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात, पेट्रोल फार प्यायची. तेव्हा एक युक्ती सगळीकडे चालायची. मूळचा कारबेटर काढून मारुतीचा बसवायचा. भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे अ‍ॅल्युमिनियमची प्लेट घालायची. नानाजीनं ती प्लेट स्वतःच्या हातानं कानशीनं घासून बसवली. लिटरमागे तीन किलोमीटर वाढले. मास्तर खूश होऊन सगळ्या शाळेला सांगत सुटले.

दोन वर्षांनी पौर्णिमाची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा आली. नागपूरला, भर मे महिन्यात, दुपारी दोनचा पेपर, दीडला गेट बंद. पुलगावाहून गाड्या काय कमी आहेत? पण मास्तर हट्टाला पेटले. "माही पोरगी रेल्वेत घामाघूम होऊन पेपर देईन का? घरच्या गाडीनं जाईन." त्यांच्या आळीतली ती पहिली डॉक्टर होणार होती, अर्धी आळी निरोप द्यायला जमली. आणि केळझरच्या अलीकडे, अकरा वाजता, गाडी दोन गचके देऊन उभी राहिली.

आता आपल्या वर्धेकडच्या ड्रायव्हरला मे महिन्यात बंद पडलेली गाडी दाखवा. तो खाली उतरायच्या आधी सांगेल, 'गरम झाली.' आणि खोटं नसतं ते. शेहेचाळीस डिग्रीत नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रुसते. औषधही सगळ्यांना पाठ. बॉनेट उघडायचं, इंजिनावरच्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं घालायचं आणि झाडाखाली बसायचं. मास्तरांनी दुपट्टा ओला करून घातला. वाळला, पुन्हा घातला. पोरीच्या पिण्याचं पाणीसुद्धा त्यावर ओतलं. असा सव्वा तास गेला. शेवटी त्यांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, रस्त्यात आडवं होऊन एसटी थांबवली आणि पोरीला घेऊन त्या पुढे गेल्या. पोचल्या तेव्हा गेट बंद होऊन वीस मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर नानाजीच्या दुकानात आले. चार गिऱ्हाइकं बसलेली.

"नाना, तुह्या कारबेटरनं माह्या पोरीचं वाटोळं केलं."

एवढंच म्हणाले आणि गेले. नानाजीनं ते ऐकून घेतलं. कारण त्याच आठवड्यात, तशीच प्लेट घातलेली आणखी एक गाडी देवळीजवळ तापून बंद पडली होती. अ‍ॅल्युमिनियम तापतं, खालची उष्णता वर कारबेटरला चढते, हे त्याला कळायला नको होतं का? कळत होतं. तीन किलोमीटरच्या वाहवेपायी कानाडोळा केला होता. म्हणजे पोरीचं वाटोळं आपणच केलं. हे त्यानं मनाशी पक्कं धरलं आणि वर्षाच्या आत दुकान उचलून रोहण्याला आणलं. डिझेल धरलं. डिझेल इंजिनाला कारबेटर नसतो. तिथं आपल्या हातून कोणाचं पोर मागे राहणार नाही, एवढाच त्याचा हिशेब.

रविवारी तो नाचणगावला गेला. जाताना मनाशी ठरवलं होतं, कारबेटर निवडून द्यायचा, बसवायला दुसऱ्या कोणाला सांगायचं आणि चहासुद्धा न घेता निघायचं.

अन्नपूर्णाबाई दारातच होत्या. केस पार पांढरे झालेले. "या भाऊ," म्हणाल्या, पाण्याचा तांब्या दिला, पण नजर काही वर उचलली नाही. नानाजीला वाटलं, बरोबरच आहे. आपल्याकडे कशाला बघतील?

पौर्णिमाचा नवरा राकेश वर्ध्याला बँकेत होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याला गाड्यांचा भारी नाद लागलेला. त्यानं शेडात बाजेवर पेपर पसरून त्यावर दोन कारबेटर मांडून ठेवले होते, साक्षगंधाला शेला-नारळ मांडावा तसे. अन्नपूर्णाबाई शेडाच्या दाराशी खुर्ची घेऊन बसल्या.

"हा नवा, काका. दिल्लीवरून मागवला. एकदम सेम टू सेम."

नानाजीनं तो उचलला. चकचकीत होता. उलटा धरला, पेट्रोल यायच्या नळीला तोंड लावून फुंकला. उलटा धरल्यावर आतली सुई बसून हवा अडायला पाहिजे. हवा सुरसुर करत निघून गेली.

"दिसाले नवरदेव हाय," तो म्हणाला. "पण पोटात काई टिकत नाई याच्या. पेट्रोल वरून वाहीन अन् एखाद्या दिवशी गाडी पेटंन."

राकेशचं तोंड एवढंसं झालं.

दुसरा, गाडीचा मूळचा. मास्तरांनी माळ्यावर जपून ठेवलेला. नानाजीनं त्याचा दांडा बोटानं हलवला, तो जात्यातल्या सैल खुंट्यासारखा डगडगला. भोक झिजून लांबट झालेलं. तिथून हवा घुसणार, आणि इंजिन एका जागी कधी राहणार नाही. लेथवर भोकात नवं बुश, म्हणजे पितळी नळी, घालून घेतलं तर चालेल, पण अंगच वाकडं झालेलं, म्हणजे तेही कितपत चालेल कोण जाणे.

"अन् तिसरा?" त्यानं विचारलं. विचारताना आवाज उगाच बारीक झाला.

"तिसरा तं गाडीवरच हाय," राकेश म्हणाला. "पण तो भंगारच ना? त्यानंच धोका देल्लता म्हणतात."

दारातली खुर्ची करकरली.

"हव," नानाजी म्हणाला. "भंगारच."

तरी काढायला तर हवाच होता. बसवायला दुसरा कोणी येईल म्हणणाऱ्या माणसानं पाना मागितला. चार नट. सतरा वर्षांत हातानं विसरायला हवं होतं, पण हात कसला विसरतोय! कारबेटर सुटून आला, खाली प्लेट दिसली, तिच्या कडेला त्याच्याच कानशीचे ओरखडे. उचलून कोपऱ्यात टाकायला तो वळलाही. पण मेकॅनिकची जात! न उघडता टाकवेना. त्यानं पेट्रोल साठायच्या वाटीचं झाकण काढलं.

वाटीत पेट्रोल वाळून पिवळा चिकट थर झाला होता, डिंकासारखा. उभ्या गाडीत होतोच तो. नानाजीनं स्क्रूड्रायव्हरनं खरवडला. आणि हात थांबला. डिंकाच्या खाली, अगदी तळाला, काळसर लाल गाळ. बारीक जंग, माती. त्यानं जेट, पेट्रोल सुटायची बारीक तोटी, काढून उजेडात धरला. त्याच्या भोकाच्या कडेलाही तोच गाळ.

तो उकिडवा बसला होता तो खालीच बसला. डिंक वर आहे, तो नंतरचा, वर्षानुवर्षं उभं राहून झालेला. गाळ खाली आहे, म्हणजे तो आधी आला, गाडी चालती होती तेव्हा. हा गाळ टाकीच्या बुडाचा. टाकीत पेट्रोल असेपर्यंत तो बुडालाच पडून राहतो. वर ओढला जातो तो टाकीतला शेवटचा थेंब ओढला जातो तेव्हाच.

त्यानं दोनदा बघितलं. बोटावर घेऊन चोळलं.

"वहिनी," मान वर न करता तो म्हणाला, "त्या दिवशी टाकीत पेट्रोल किती होतं?"

राकेश मधेच काहीतरी बोलायला गेला, बाईंनी त्याला हातानं थांबवलं.

"नव्हतंच, भाऊ," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग त्या थांबल्या नाहीत. एसटी गेल्यावर एक ट्रकवाला थांबला. त्यानं टाकीचं झाकण उघडलं, कडुनिंबाची लांब काडी आत घातली, ती कोरडी निघाली. गाडीचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला असायचा. मास्तर वर्ध्याला पेट्रोल भरणार होते. पोरीला हे घेतलं का, ते घेतलं का, या घाईत विसरले. ट्रकवाल्यासोबत सेलूला जाऊन डबाभर पेट्रोल आणलं, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सव्वा तास मास्तर रिकाम्या गाडीवर ओलं फडकं घालत बसले होते.

"मलेही नाई सांगतलं त्यायनं," बाई म्हणाल्या. "पंधरा वर्ष पोटात ठेवलं. शेवटी दवाखान्यात सांगतलं. म्हणाले, पोरीच्या डोळ्यात पाहाची हिंमत नव्हती, म्हणून तुमच्यावर खापर फोडलं. 'नानाले सांगजो' म्हणाले, 'माह्यानं नाई झालं.' अन् माह्यानंही कुठं झालं, भाऊ? दोन वर्ष झाले. मेलेल्या माणसाचं नाव कसं खराब करू, म्हणून मूग गिळून बसली. गाडीचं निमित्त काढून तुम्हाले बलावलं. अन् सकाळपासून पाहून राह्यली, तोंडच उघडून नाई राह्यलं."

नानाजी उठला. त्या घरात तो कधी वरच्या आवाजात बोलला नव्हता, मास्तरांसमोर खुर्चीवरसुद्धा बसला नव्हता.

"सतरा वर्ष, वहिनी! सतरा वर्ष! चालतं दुकान बंद केलं म्या. तुमच्या घरावरून जा लागते म्हणून नाचणगावचा रस्ता टाकला. मास्तरच्या मातीले नाई आलो. मले वाटे, माह्या हातानं एका पोरीचं... अन् टाकी खाली होती?"

"हव."

"टाकी खाली होती!" तो पुन्हा म्हणाला. या खेपेला आवाज चढला नाही. राग खरा होता, सतरा वर्षांचा होता, पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी उसळी मारून येत होतं आणि राग त्यात टिकेना. तो फियाटच्या उघड्या दारात सीटच्या कडेला टेकला. गाडी माझ्यानं बंद पडली नाही. माझ्यानं नाही. इतकं हलकं वाटलं, की त्याला स्वतःलाच भीती वाटली, उठलो तर पडतो की काय. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हा बाबा चक्क हसत होता.

चहाचा ट्रे घेऊन पौर्णिमा शेडाच्या दारात उभी होती. कधीची, कोण जाणे.

"पोरी," अन्नपूर्णाबाई तिच्याकडे वळल्या, "तुह्या बापानं मुद्दाम नाई केलं वं. तुहं एवढं नुकसान झालं..."

पौर्णिमानं ट्रे बॉनेटवर ठेवला.

"आई, माहं काईच नुकसान नाई झालं."

"असं नको म्हणू. डाक्टर झाली असती तू."

"कायची डाक्टर! मले व्हायचंच नव्हतं." ती लाल झाली होती, एखाद्या शाळकरी पोरीसारखी. "बारावीत बेडूक कापताना चक्कर येऊन पडलती मी. अर्धी केमिस्ट्री वाचेलच नव्हती. एसटीत तुह्या बाजूले बसून मनात म्हणून राह्यली होती, उशीर होऊ दे, उशीर होऊ दे. गेट बंद दिसलं, अन् एवढं बरं वाटलं मले, का मी रडलीच. तुले वाटलं, दुःखानं रडते."

अन्नपूर्णाबाईंचा पदर हातातच राहिला. "मंग सांगतलं काऊन नाई?"

"कसं सांगू? बाबा दोन दिवस जेवले नाई. आत्या येऊन गळ्यात पडून रडे. सगळे माह्यासाठी रडून राह्यले, अन् मी म्हणू, का मले आनंद झाला? आज सांगीन, उद्या सांगीन, तं राहूनच गेलं." मग ती नानाजीकडे वळली. "काका, तुमचं खरंच माहीत नव्हतं मले. बाबानं तुमच्यावर खापर फोडलं, ते आजच ऐकलं. मले वाटे, तुम्ही शेतीपायी गावाले गेले. माहीत असतं ना, तं तेव्हाच पळत आली असती. माफ करा मले."

चहावर साय धरायला लागली.

"म्हंजे," नानाजी सावकाश म्हणाला, "मास्तर झुरले, मी झुरलो, वहिनी झुरल्या. अन् जे परीक्षा चुकली म्हणून झुरलो, ते या पोट्टीले द्यायचीच नव्हती!"

आधी अन्नपूर्णाबाईंनाच हसू फुटलं. तोंडावर पदर दाबून त्या हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. "अन् तुह्या बापानं त्या फडक्यावर प्यायचं पाणी ओतलं वं," एवढंच म्हणत होत्या. पौर्णिमानं त्यांना जवळ घेतलं. राकेशला कळेना हसावं की नाही. बँकेतला माणूस, त्यानं आपला सगळ्यांच्या हातात एकेक कप दिला. चहा थंड होता, साखर जास्त होती, आणि नानाजीनं दोन कप प्यायला.

"मंग काका, कोणता बसवायचा?" शेवटी राकेशनं विचारलं.

"हा." नानाजीनं खाली पडलेला, गाळानं भरलेला कारबेटर उचलला. "म्या बसवलेला. याचा गुन्हा नव्हता कोणताच." मग त्यानं प्लेट हातात घेतली. "हे प्लेट मात्र चूक. देवळीवाली गाडी याच्यापायीच तापली होती, ते माह्यावर हाय. याच्या जागी जाड फायबर घालतो, मंग खालची गरमी वर नाई चढत. जा, पुलगावाहून फायबर आण. अन् येताना पेट्रोल आणजो. किती आणलं, ते मी माह्या डोळ्यानं पाहीन."

राकेश किल्ली घेऊन पळाला.

दिवस त्यातच गेला. टाकी उतरवून धुतली, कुजलेली नळी बदलली, कारबेटर पेट्रोलात बुडवून एकेक भोक फुंकून मोकळं केलं. फायबर कापून घासताना नानाजीनं दोनदा माप घेतलं. चार वाजता त्यानं पौर्णिमाला गाडीत बसवलं. "तूच मार सेल्फ." पहिल्या खेपेला इंजिन खोकलं. दुसऱ्या खेपेला पेटलं, धुराचा लोट काढला आणि शेडभर थरथरत राहिलं. नानाजीनं सगळ्यांना हातानं गप्प केलं, स्क्रूवर बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले. अन्नपूर्णाबाई मागच्या सीटवर कधीच जाऊन बसल्या होत्या.

"दसऱ्याले सकाळी सहाले निघू," त्या म्हणाल्या. "तुम्ही अन् शकुबाई दोघंही येजा."

"येतो," नानाजी म्हणाला. आढेवेढे घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

दिवेलागणीला तो रोहण्याला पोचला. शकुबाई गॅसवर भाकरी टाकत होती.

"झाली का गाडी चालू?"

"झाली." तो चप्पल काढून तसाच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. "शकू, ते गाडी माह्यानं नव्हती बंद पडली वं. त्या दिवशी. टाकीत पेट्रोलच नव्हतं."

शकुबाईनं भाकरी तव्यावरून काढली. गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानंच त्याच्याजवळ येऊन बसली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं.